‘दिलीप सरांना सांगा’

जळगावात थंडी पडली की नाही, हे आमच्या गाडीत आबा ठरवायचे. डिसेंबर लागला की बाकीच्या गावाने पेटीतले स्वेटर बाहेर काढलेले असत, टपऱ्यांसमोर शेकोट्या पेटलेल्या असत, दूधवाला मफलरमधून बोलत असे, आणि आबा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कोपऱ्यावर दातावर दात दाबून उभे असत. मी काच खाली करून विचारायचे, "आबा, स्वेटर?"

"अजून थंडी नाही," आबा म्हणायचे. म्हणताना त्यांच्या तोंडातून वाफ निघायची.

मग ते पुढच्या सीटवर बसत. तापीचा पूल आला की खिडकीची काच पूर्ण खाली करून हात बाहेर काढत, काही वेळ तसाच धरून आत घेत आणि जाहीर करत, "अकरा." माझा फोन चौदा दाखवत असे. मी तसं म्हटलं की म्हणत, "फोन पुण्याला बसलेला आहे, मॅडम. त्याला तापीवरचं काय कळणार?" असं करता करता एके दिवशी हात आत घेऊन नुसतंच म्हणत, "पडली." दुसऱ्या दिवशी स्वेटर, मफलर, कानटोपी, पायमोजे, सगळा सरंजाम एकदमच अंगावर यायचा.

पंचाईत अशी की थंडी संपल्याचंही त्यांनीच जाहीर करायचं होतं. एका वर्षी ते राहून गेलं. होळी झाली, शाळेतले पंखे फिरू लागले, आणि आबा तपकिरी स्वेटर घालून नववीला भूमिती शिकवत होते. घाम पुसायला रुमाल पुरेना. आम्ही सगळे सांगून थकलो. शेवटी दिलीप सर त्यांना म्हणाले, "आबा, तुम्ही काल दुपारी डुलकी घेताना म्हणालात, थंडी गेली. अक्कांनी ऐकलं."

आबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "अक्का खोटं बोलणार नाही," आणि स्वेटर काढला. अक्का म्हणजे आबांच्या पत्नी. त्यांना या जबानीची काहीच कल्पना नव्हती.

आम्ही तिघं एकाच शाळेत होतो, यावलच्या अलीकडच्या एका गावात. गाडी माझी, म्हणून चालवायचीही मीच. आबा पर्यवेक्षक आणि गणिताचे शिक्षक. दिलीप सर मराठी शिकवायचे. ते मूळचे शिरपूरकडचे, अहिराणीत वाढलेले, आबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. आबांनी आयुष्यभर स्वतःसाठी नियम केले आणि दिलीप सरांनी त्या नियमांमधून आबांना सुखरूप बाहेर काढलं. शाळेत दिलीप सरांचं खरं काम हेच होतं, मराठी ते जोडीला शिकवत.

आबांच्या नियमांचा राजा म्हणजे सोमवार. सोमवारी कुठलीही नवी गोष्ट सुरू करायची नाही. नवा धडा नाही, नवा खडू नाही, नवा शर्ट तर नाहीच. सोमवारी त्यांच्या तासाला फक्त उजळणी. या नियमाची किंमत त्यांनी भरली होती. नोकरीवर हजर व्हायचा त्यांचा आदेश सोमवारचा होता, ते मंगळवारी हजर झाले. त्याच आदेशातले दुसरे गृहस्थ सोमवारीच हजर झाले, सेवाज्येष्ठतेत वर गेले आणि पुढे मुख्याध्यापक झाले. आबा पर्यवेक्षकच राहिले. याचं दुःख त्यांना होतं असं कधी दिसलं नाही. मुख्याध्यापक व्हरांड्यातून फायली सांभाळत धापा टाकत जाताना दिसले की आबा हळूच म्हणत, "सोमवारी हजर झालेला माणूस. बघा."

मला स्वतःला सोमवार आवडतो असं नाही. पण माझी नावड साधी आहे. रविवारी रात्री भिजवायचं पीठ विसरतं, गीझर नेमका सोमवारी हटून बसतो, आणि थंडीत गाडी तीनदा खाकरल्याशिवाय सुरू होत नाही. आबांना या किरकिरीचं फार कौतुक. गाडीत बसल्या बसल्या विचारत, "आज काय बिघडलं, मॅडम?" मी गीझर म्हटलं की दिलीप सर मागून म्हणत, "आमचं दूध नासलं." आबा दोन्ही बाजू ऐकून निकाल देत, "गीझर जिंकला." मग त्या दिवशीच्या चहाचा पहिला कप माझा. माझा अर्धा वैताग त्या कपानेच उतरायचा, हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

अशाच एका सोमवारी केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर गाडी पंक्चर झाली. मी डिकीतून स्टेपनी काढली. आबा म्हणाले, "थांबा. सोमवारी नवं चाक?" वारा असा की हाताची बोटं पान्ह्याला चिकटत होती. मी पान्हा आबांच्याच डोक्यात घालायच्या विचारात होते. दिलीप सर खाली वाकले, स्टेपनीवरून हात फिरवून म्हणाले, "आबा, हे चाक मागच्या वर्षी याच गाडीला होतं. हे नवं नाही, रजेवरून परत आलंय." आबांचा चेहरा उजळला. "मग लावा," ते म्हणाले, आणि स्वतः खाली बसून नट काढू लागले.

अशी ती जोडी होती. ती टमाट्यावरून फुटली.

आमच्याकडे थंडीत भरिताची पार्टी झाली नाही तर हिवाळा वाया गेला असं समजतात. रविवारी सगळी शाळा आबांच्या भावाच्या मळ्यात जमायची. बामणोदची मोठी हिरवी वांगी, ती भाजायला कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. सोबत पुऱ्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. बास. या यादीत आबांच्या मते देवालाही भर घालायची मुभा नव्हती. त्या रविवारी वांगी भाजून, सोलून, ठेचून झाली. फोडणी पडली. तेवढ्यात थंडीने केळीची पानं करपून चरका आलाय तो दाखवायला भावाने आबांना बागेत नेलं. जाताना आबांनी उलथनं दिलीप सरांच्या हाती दिलं. म्हणाले, "तुझ्यावर सोडून चाललोय."

मिरची त्या दिवशी जहाल निघाली. शिक्षकांची लहान मुलं पहिल्याच घासाला रडायला लागली. नाकं गळायला लागली. दिलीप सरांनी इकडेतिकडे पाहिलं. बांधावर टमाट्याची चार झाडं होती. मुलांपुरतं वेगळं काढावं हे कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. सरांनी टमाटे चिरले आणि सगळ्या भरितात ढवळले.

आबा बागेतून आले, ताट घेतलं, एक घास तोंडात घातला. चावणं थांबलं. त्यांनी दिलीप सरांकडे पाहिलं, ताट खाली ठेवलं, हात धुतले, कानटोपी चढवली आणि चालत रस्त्यावर जाऊन एसटीने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. भांडण ही नवी गोष्ट, ती सोमवारी सुरू करता येत नव्हती. त्यामुळे सोमवारी आबा दिलीप सरांशी अगदी नेहमीसारखे बोलले, त्यांच्या घरी पाणी आलं नव्हतं त्या तक्रारीला पहिला कपही दिला. दिलीप सरांना वाटलं, मिटलं. मंगळवारी सकाळी पूल आल्यावर ते म्हणाले, "आबा, आज किती?" आबांनी हात आत घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दिलीप सरांना सांगा, नऊ."

त्या दिवसापासून मी गाडी चालवायची आणि निरोप पोहोचवायचे. आबांच्या तोंडी दिलीपचे आता ‘दिलीप सर’ झाले होते. माणूस माझ्या मागे हातभर अंतरावर बसलेला, त्याला सगळं ऐकू जातंय, तरी आबांना माझ्या तोंडून निरोप गेलेला हवा असे. मी एकदा कंटाळून म्हटलं, "ऐकलंय त्यांनी." आबा म्हणाले, "ऐकणं वेगळं. सांगितल्याशिवाय पोहोचत नाही." मग मी आरशात बघून म्हणायचे, "सर, नऊ." दिलीप सर म्हणायचे, "आबांना सांगा, मला पण तेवढंच वाटलं." मी मान वळवून म्हणायचे, "आबा, त्यांना पण तेवढंच वाटलं." आबा समाधानाने मान हलवायचे. शाळेत दहावीच्या सराव परीक्षेचं वेळापत्रक दोघांनी मिळून केलं, तेही असंच. मधल्या सुट्टीत माझा डबा तसाच राहिला आणि गणिताचा पेपर मराठीच्या आधी गेला.

सुरुवातीला दिलीप सरांना गंमत वाटायची. ते मुद्दाम लांबलचक निरोप द्यायचे. पुढे त्यांनी माफीही मागून पाहिली, तीही माझ्यामार्फतच. आबा म्हणाले, "त्यांना सांगा, माफी पोहोचली." तेवढंच. माफ केलं की नाही ते काही कळलं नाही. हळूहळू दिलीप सरांचे निरोप कमी झाले. ते खिडकीबाहेर केळी बघत बसायचे. मला आबांचा खरंच राग यायला लागला होता.

जानेवारीत थंडीची लाट आली. त्या सोमवारी गाडी खाकरून खाकरून थकली, शेजाऱ्यांनी धक्का मारला तेव्हा सुरू झाली. कोपऱ्यावर आबा, पुढे दिलीप सर. आबांनी विचारलं, "आज काय बिघडलं?" मी गाडीचं सांगितलं. मागून आवाज नाही. पूल आला, आबांनी काच खाली केली, हात बाहेर काढला. तेव्हा दिलीप सर म्हणाले, "मॅडम, आबांना सांगा, उद्यापासून मी येणार नाही. नाशिकला ॲडमिट होतोय. परवा बायपास आहे."

मी पुलावरच ब्रेक मारला. मागच्या ट्रॅक्टरवाल्याने शिवी दिली. निरोप पुढे द्यायचं मला सुचलंच नाही. दिलीप सर हळूच म्हणाले, "चालवा, चालवा. बऱ्याच दिवसांपासून छातीत भरून येत होतं. तीन ठिकाणी अडकलंय म्हणतात."

आबांनी हात आत घेतला. आकडा सांगितला नाही. त्यांनी काच वर केली, पूर्ण, बोटभर फटही न ठेवता.  गाडीतून उतरताना ते मला म्हणाले, "दिलीप सरांना सांगा, नाशिकला थंडी जास्त आहे. लोकरीचं घालून जा म्हणावं." आणि वर्गावर निघून गेले.

संध्याकाळी मी दिलीप सरांच्या घरी गेले. वहिनी बॅग भरत होत्या. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या, "यास्ले आपरेशननी भीती नही शे, ताई. आबा बोलतस नही, तेच मनमा धरी बठेल शेतस. काल मले म्हने, कमीजास्त व्हयनं ते आबा मन्हासंगे न बोलताच राही जाई." त्यांचे डोळे भरले. ऑपरेशनपेक्षा आबांचा अबोलाच सरांना जड झाला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळपर्यंत मी आबांना काय काय सुनवायचं ते तयार केलं.

मंगळवारी गाडीत आम्ही दोघंच. मी कोपऱ्यापासूनच सुरू केलं. "आबा, आज त्यांना फोन करा. टमाट्यापेक्षा माणूस मोठा आहे."

"माणूस मोठा आहे म्हणून तर राग आला," आबा म्हणाले. "दुसऱ्या कुणी टाकला असता तर मी दोन घास जास्त खाल्ले असते."

"मग करा ना फोन!"

"नाही करणार."

"का?"

आबांनी कानटोपी कानांवर ओढली. मग समोर बघत म्हणाले, "मॅडम, इतके दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. आज एकदम बोललो, तर तो काय समजेल? समजेल की आबा घाबरला. मी घाबरलो हे कळलं की तोही घाबरेल. टेबलावर जाताना त्याला वाटलं पाहिजे की आबाचा राग चालूच आहे, म्हणजे सगळं नेहमीसारखं चालू आहे."

 हा माणूस वेडा आहे की शहाणा, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. पूल आला आणि गेला, आबांनी काच खाली केलीच नाही.

बुधवारी कोपऱ्यावर आबा नव्हते. फोन लागेना. इतक्या वर्षांत न सांगता त्यांनी कधी खाडा केला नव्हता. अक्कांना फोन केला तर त्या म्हणाल्या, पहाटेच्या गाडीने गेले, स्वेटर विसरून गेले. शाळेत मी दिवसभर नुसती फळ्यासमोर उभी होते. दुपारनंतर वहिनींचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. मग त्या म्हणाल्या, "आबा सकायपासून खाले बाकवर बठेल शेतस. वर येतस नही. च्या दिधी ते घेतस, पन वर येतस नही."

"आता तरी वर पाठवा त्यांना," मी म्हटलं.

"म्हनतस, शुद्धवर येऊ दे. मग पाहू."

त्या आठवड्यात आबा नाशिकहून परत आलेच नाहीत. रजेचा अर्ज त्यांनी फोनवरून मला सांगितला, मी तो लिहून मुख्याध्यापकांना दिला. गाडीत मी एकटी. तक्रार ऐकायला कुणी नाही, काच उघडायला कुणी नाही. पुलावर मी एकदा स्वतःच हात बाहेर काढून पाहिला. गार लागलं, एवढंच कळलं.

शनिवारी सकाळची शाळा होती. मी सातवीकडून कविता म्हणवून घेत होते, तेवढ्यात फोन थरथरला. आबा. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात आले.

"मॅडम, दिलीप सरांना सांगा, खोकायचं आहे."

"काय?"

"डॉक्टर ओरडून गेले. ऑपरेशननंतर छातीत कफ साठतो, छातीवर उशी दाबून खोकायचं असतं. न खोकल्यास निमोनिया होतो म्हणाले. हे खोकत नाहीत. दुखतं म्हणून तोंड फिरवून पडलेत. वहिनी औषध आणायला गेल्यात. तुम्ही सांगा."

"तुम्ही कुठे आहात, आबा?"

"इथंच. खोलीत. आज त्यांना वरच्या खोलीत आणलं."

"म्हणजे त्यांच्यापासून किती लांब?"

"खुर्ची पलंगाला लागून आहे."

मी डोळे मिटले. "आबा, मग तुम्हीच सांगा ना!"

"तुम्ही सांगा," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

मी काय करणार? मी दिलीप सरांच्या फोनवर फोन केला. बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला.

"हॅलो," आबाच म्हणाले. "त्यांचा हात पोहोचत नाही. बोला."

मला हसू आलं आणि त्याचवेळी मी भयंकर चिडले. "आबा, दिलीप सरांना सांगा, मॅडम म्हणतात, खोका."

 आबांवर निरोप पोहोचवायची वेळ आली होती, आणि हे त्यांच्याही लक्षात आल्याचं मला कळत होतं. फोन तोंडापासून लांब गेला. घसा साफ केल्याचा आवाज आला.

"मॅडम म्हणतात, खोका."

मग फार लांबून, विहिरीतून आल्यासारखा दिलीप सरांचा आवाज. "मॅडमना सांगा, दुखतंय."

"दुखतंय म्हणतात," आबांनी मला सांगितलं. 

"मग त्यांना सांगा," मी म्हटलं आणि थांबले. पुढे काय सांगायचं ते मला येईना. वर्गात मुलं गोंधळ घालायला लागली होती. मी तशीच उभी राहिले, फोन कानाला लावून.

आबांनी माझ्या निरोपाची वाट पाहिली नाही. फोन गादीवर आदळल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, आणि मला त्यांचं बोलणं ऐकू आलं, जरा दुरून पण स्वच्छ.

"दिलीप, खोक रे भो. उशी मी धरतो. घट्ट धरतो, तू खोक."

 मग एक खोकला आला, बारीक, घाबरत घाबरत आलेला. त्यामागून कण्हणं. मग दिलीप सर रडायला लागले की आबा, ते मला सांगता येणार नाही. मी मात्र व्हरांड्यात उभी राहून मुलांदेखत रडत होते.

"अजून एकदा," आबा म्हणाले.